परस्पर वाहणारा करंट

प्रश्न असा आहे : दोन यूपीएस समांतर जोडले की त्यांच्यात जो 'सर्क्युलेटिंग करंट' वाहतो, त्याला माहितीपुस्तिकेत 'अभिसरण प्रवाह' म्हटलं तर चालेल का? आणि तो 'मॅनेज करणे' म्हणजे 'व्यवस्थापन' का?

रक्ताभिसरणामुळे 'अभिसरण' सुचणं साहजिक आहे. पण शाळेच्या पुस्तकात अभिसरण म्हणजे वहन, अभिसरण, प्रारण या तिकडीतलं मधलं; पातेल्यातलं पाणी तापताना वर-खाली होतं ते. शिवाय रक्ताभिसरण थांबलं तर माणूस जातो, आणि हा प्रवाह थांबलेलाच सगळ्यांना हवा असतो. 'खेळता' त्याच कारणाने बाद. हवा खेळती असावी, पैसा खेळता असावा. हा करंट नसावा. 'चक्री' म्हटलं की आधी वादळ आठवतं.

मुळात होतं काय ते बघा. लोडचा, म्हणजे वीज घेणाऱ्या उपकरणांचा, ब्रेकर पाडून ठेवा, दोन्ही यूपीएस चालू राहू द्या आणि एकाच्या आउटपुट केबलला टाँग टेस्टर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) लावा. घेणारा कोणी नाही, तरी अँपिअर दिसतात! दोघांचं व्होल्टेज २३०च, पण दोघांच्या व्होल्टेजच्या लाटा एका अंशाने पुढे-मागे झाल्या तरी मध्ये साधारण ४ व्होल्ट उरतात. वाटेतला विरोध ०.२ ओहम धरला तर झाले २० अँपिअर. एकातून निघाले, दुसऱ्यात शिरले, लोडला पत्ता नाही. शिरलेल्या विजेने दुसऱ्याच्या डीसी बसचं (आतल्या एकदिश विजेच्या वाटेचं) व्होल्टेज चढत गेलं, तर तो ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो.

म्हणून माझं मत 'परस्पर प्रवाह'ला. 'परस्पर'चा एक अर्थ एकमेकांतला. दुसरा खास आपला : 'भावाने जमिनीचा परस्पर सौदा केला', 'घरी न येता परस्पर स्टेशनवर गेला'. ज्याच्याकडे जायचं त्यालाच वगळून. इथे दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. असा शब्द हाताशी असताना संस्कृत कोश कशाला उघडायचा?

'व्यवस्थापन' मात्र नको. ते कचऱ्याचं किंवा हॉटेलचं करतात. 'परस्पर प्रवाह आटोक्यात ठेवणे' म्हणा. त्यासाठी केबल सारख्या लांबीच्या घेतात, दोघांच्या लाटा एकाच तालावर आणतात, भार जास्त होईल त्याने फ्रिक्वेन्सी किंचित उतरवायची अशीही सोय करतात.

पहिल्या उल्लेखाला 'सर्क्युलेटिंग करंट'ही शेजारी लिहा. जोडणीला येणारा माणूस तेच म्हणणार.