वेब पानावरचा डिव्ह (इतर घटक ठेवायचा कप्पा) जावास्क्रिप्टने हलवला की त्यातला एम्बेड केलेला व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होतो. तो चालू कसा ठेवायचा?

आयफ्रेम (एम्बेड केलेला व्हिडिओ ज्या चौकटीत असतो ती) डॉममध्ये, म्हणजे पानाच्या घटकांच्या रचनेत, हलवूच नका. आहे तिथेच ठेवून फक्त सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने) दुसरीकडे दाखवा, व्हिडिओ चालू राहील. अपेंडचाइल्ड किंवा इन्सर्टबिफोर ही घटक हलवणारी जावास्क्रिप्ट फंक्शन्स वापरली की ब्राउझर तो घटक आधी काढतो आणि मग नव्याने घालतो. काढताक्षणी आयफ्रेमच्या आतलं पान नष्ट होतं, त्यामुळे प्लेअर पुन्हा शून्यापासून लोड होतो. व्हेरिएबलमध्ये धरून ठेवून परत लावण्याची युक्ती इथे चालत नाही. नुसता क्रम बदलायचा असेल तर सीएसएसच्या फ्लेक्स किंवा ग्रिड मांडणीतलं ऑर्डर पुरतं. स्क्रोल करताना कोपऱ्यात प्लेअर हवा असेल तर सीएसएसचं पोझिशन फिक्स्ड वापरा. (वरच्या एखाद्या घटकावर ट्रान्सफॉर्म असेल तर फिक्स्ड विंडोऐवजी त्याच्या हिशेबाने बसतं, तेवढं बघा.) पॅरेंट (आयफ्रेम ज्याच्या आत आहे तो घटक) बदलणं अटळच असेल तर मूव्हबिफोर वापरा: हे फंक्शन क्रोम १३३ मध्ये आलं आणि ते आयफ्रेम रीलोड न करता हलवतं. मात्र जुन्या ब्राउझरमध्ये ते नाही, म्हणून आधी आहे का ते तपासून मगच कॉल करा. शिवाय घटक आणि नवा पॅरेंट एकाच डॉक्युमेंटला जोडलेले नसतील तर एरर येते.