विचारा की! : जीएसटी, घरभाडं आणि घरकुल

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही जालन्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहतो, मिस्टर रोलिंग मिलमधे कामाला आहेत. घरमालक म्हणतेत जीएसटी वाढलाय, पुढच्या महिन्यापासून ३,५०० चे ४,००० द्या. राहायच्या घराच्या भाड्याला टॅक्स असतो का? अन् गावाकडं मंठा तालुक्यात सासूबाईंच्या नावानं घरकुल मंजूर झालंय, तर टॅक्स वाढला की गरिबाला जास्त बसतो म्हणतात ते खरंय का?
— एक वाचक, जालना

उत्तर : ताई, आधी भाड्याचं सांगतो. कुटुंबाला राहायला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. २०२२ च्या जुलैत नियम बदलला तो जीएसटी नंबर असलेल्या भाडेकरूंसाठी, म्हणजे कंपन्या वगैरे, तुमचा त्यात काही संबंध नाही. मालकाला सरळ म्हणा, जीएसटी घेताय ना मग नंबर टाकून पावती द्या, तिथंच विषय संपतो बगा. भाडं वाढवायचंच असेल तर करारात काय लिहिलंय ते काढून बोला, टॅक्सचं नाव कशाला! अन् बांधकामातला टॅक्स तर उलट कमी झालाय, सिमेंट २०१७ पासून २८ टक्क्यात होतं ते २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यात आलं.

आता घरकुल. इथं खरी गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, खिशालाच कात्री. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात केंद्राच्या निकषानं १ लाख २० हजार मिळतात अन् घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं लागतं, म्हणजे पावणेतीनशे फुटाच्या आसपास. त्याला साधारण ११० पोती सिमेंट अन् टनभर गज धरा. पोत्याचा टॅक्स सोडून भाव २७५ धरला अन् गजाचा टनाला ५५,००० (हे भाव मी हिशोबापुरते धरलेत, तुमच्या दुकानात वेगळे असतील), तर १८ टक्क्यानं सिमेंटचे साडेपाच हजाराच्या जवळ अन् गजाचे ९,९००, म्हणजे दोन्ही मिळून पंधरा हजाराच्या पुढं नुसता टॅक्स झाला! वाळू, खडी, पत्रे, दरवाजे, वायरिंग अजून बाकीच. सिमेंट जुन्या २८ टक्क्यावर असतं तर अजून तीनेक हजार गेले असते. मिस्टरांच्या हातून जो गज निघतो तोच गावी न्यायचा म्हटलं तर त्यांना १८ टक्के भरूनच घ्यावा लागतो.

जास्त बसतो तो असा. व्यापाऱ्यानं माल घेताना भरलेला टॅक्स त्याला पुढच्या विक्रीत वळता करून घेता येतो (ह्यालाच क्रेडिट म्हणतात), तो पुढच्याला लावतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, असं करत करत शेवटी जो घर बांधतो त्याच्याजवळ येऊन थांबतं, तो कुणाला लावणार? विटांचंच बघा ना, १ एप्रिल २०२२ पासून ५ टक्क्याचे क्रेडिट घेऊन १२ किंवा क्रेडिट न घेता ६ केले, अन् भट्टीवाल्यांची नोंदणीची उलाढाल मर्यादाही ४० लाखावरून २० लाखावर आणली. भट्टीवाला घरात ठेवून घेणार थोडाच, तो ट्रॉलीच्या भावात मिसळतो. मग ‘पक्कं बिल पाहिजे का कच्चं’ हा प्रश्न येतो अन् दोन पैसे वाचतेत म्हणून माणूस कच्चंच म्हणतो, पुढं माल खराब निघाला तर हातात कागद नसतो.

अन् जीएसटी पगार बघून लागत नाही. महिन्याला १५ हजार कमावणाऱ्याचे १५ च्या १५ हजार खर्च होतेत, लाखभर कमावणारा अर्धे बँकेत टाकतो, त्या अर्ध्यावर जीएसटी नाही. तेलाच्या पुड्यावर दोघांना ५ टक्केच. म्हणून सुटं धान्य घेत जा, ज्वारी, गहू, तांदूळ मोकळे घेतले तर जीएसटी नाही, २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटावर ५ टक्के आहे. डिझेल तर जीएसटीत नाहीच, त्याच्यावर राज्याचा व्हॅट, तो विटा-वाळूच्या गाडीभाड्यातून येतोच.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरात ३८ लाखाचा फ्लॅट बघतोय, काम चालू आहे. बिल्डर १ टक्का जीएसटी म्हणतो, मित्राकडून ५ घेतला. नेमकं काय?
— एक वाचक, वैजापूर

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतं. १ एप्रिल २०१९ पासून ४५ लाखापर्यंतचा अन् आपल्यासारख्या बिगरमेट्रो शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचा (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) फ्लॅट असला तर १ टक्का, नाहीतर ५. मित्राचा ह्यातलं काहीतरी ओलांडत असेल. पण १ टक्का ऐकून लगेच हुरळू नका, ह्या दरात बिल्डरला सिमेंट-गजावरच्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, तो तुमच्या ३८ लाखात आधीच बसलेला असतो. कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळाल्यावर घेतला तर जीएसटी लागतच नाही. स्टॅम्प ड्युटी मात्र कशीही लागते, बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर तीत १ टक्का सूट आहे.