'जिद्द' नाव ठेवलं तर मुलगी हट्टी होईल का?

घोडबंदर रोडवरच्या एका जोडप्याची मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात जन्मली. काचेच्या पेटीतून घरी आली तेव्हा आईबाबांनी तिचं नाव ठरवलेलं होतं: जिद्द. आजी अडून बसल्या. "हट्टी पोरगी म्हणतील सगळे. आणि एवढं जड नाव तिला पेललं नाही तर?" बारसं लांबलं, वाद आमच्याकडे समुपदेशनाला आला.

अशा वेळी आम्ही आधी घरातली नावं विचारतो. इथे आजोबा विजय, आत्या प्रेरणा. विजयरावांनी कायम जिंकावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अर्थाची नावं आपल्याकडे जुनीच आहेत. विकास, प्रगतीच्या जोडीला आता संकल्प, ध्येय, उत्कर्ष ऐकू येतात. रोजच्या हाकेत अर्थ मागे पडतो. तो टोचू लागतो घरच्यांच्या तोंडून: "नाव जिद्द आणि गणिताला रडतेस?" असलं बोलणं नको, एवढं पहिल्याच बैठकीत ठरलं.

खरी गाठ वेगळी होती. नावाचा विषय निघाला की आई पेटीजवळच्या मॉनिटरच्या आवाजापाशी येऊन थांबायची. ते दिवस तिच्या मनातून गेलेच नव्हते. प्रत्येक हाकेला तेच आठवणार असेल तर आईची भीती लेकीच्या गळ्यात पडते. म्हणून नाव बाजूला ठेवून पुढच्या दोन बैठका फक्त आईसाठी घेतल्या.

मग हाकेची चाचणी. आठवडाभर तेच नाव वापरायचं: लाडाने, रागावून, आतल्या खोलीतून ओरडून, हजेरीसारखं पूर्ण. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव येतं, त्यामुळे लांबीही कळते. इंग्रजी स्पेलिंग लिहून शेजाऱ्यांना वाचायला द्यायचं. इथे नेमकं तेच अडलं. कुणी 'जिद' वाचलं, कुणी 'जिद्दा'.

घाईची गरज नव्हती. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव मागाहून चालतं. १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र किचकट. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा स्पेलिंग दोघांनी तपासूनच अर्ज द्यावा.

या घराने चौथ्या महिन्यात 'जिद्द'च नोंदवलं, स्पेलिंगमध्ये दोन डी घालून. आजींनी पाळण्यातलं नाव रेवती ठेवलं आणि त्या हाक त्याच नावाने मारतात. त्याला कुणाचीच हरकत नाही.