तिकीट तिचे, बिल कोणाचे?

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. शाळेपासूनची माझी मैत्रीण दादरला राहते आणि बँकेतून निवृत्त झाली आहे. गेल्या चार महिन्यांत आम्ही दोघींनी चार चित्रपट पाहिले आणि चारही वेळा बाहेर जेवलो. तिकिटे तीच मोबाइलवरून काढते, तीही पाय लांब करून बसता येईल अशा महागड्या खुर्च्यांची. मध्यंतरात पॉपकॉर्नची मोठी बादली येते आणि रात्री एखाद्या भारी हॉटेलात जेवण होते. मी पैसे पुढे केले की ती हात झटकते. मागच्या वेळी हट्टाने मी बिल दिले, तर त्या महिन्याचे माझे गणितच कोलमडले. त्या बिलात सेवाशुल्कही लावलेले होते. तिला न दुखावता हे कसे सांगावे? आणि ते सेवाशुल्क देणे बंधनकारक असते का? (मुलुंड)

उत्तर : ताई, दुसरा प्रश्न सोपा असल्यामुळे तो आधी घेते. सेवाशुल्क बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाने ते बिलात आपोआप लावू नये आणि दुसऱ्या कोणत्याही नावाने वसूल करू नये. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या, परंतु २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी या सूचना उचलून धरल्या. रक्कम वरवर किरकोळ दिसते खरी, पण हिशेब करून पाहा. बाराशे रुपयांच्या जेवणावर दहा टक्के सेवाशुल्क म्हणजे १२० रुपये, आणि त्या १,३२० रुपयांवर पाच टक्के जीएसटी म्हणजे ६६ रुपये, असे एकूण १,३८६ रुपये होतात. सेवाशुल्क नसते तर १,२६० रुपये झाले असते. बिल हातात आल्यावर, पैसे देण्यापूर्वीच, ‘हे शुल्क काढून द्या’ असे शांतपणे सांगावे. व्यवस्थापक ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्या मुलाचे काम आवडले असेल, तर त्याच्या हातावर काही ठेवायला कोणाचीच आडकाठी नाही. किंबहुना मी तेच करते.

आता मैत्रिणीविषयी. आपल्या पत्रातून मला असे दिसते की तिला उधळपट्टीची हौस नसून, चार तास आपण तिच्या सोबत आहात याचा आनंद आहे, आणि तो व्यक्त करण्याची तिला ठाऊक असलेली रीत म्हणजे खर्च करणे. आपण मात्र प्रत्येक वेळी मनातल्या मनात वहीत तिचे ऋण मांडत राहिलात आणि एके दिवशी ते एकरकमी फेडायला गेलात. त्यामुळे ‘मला परवडत नाही’ हे वाक्य तिला एकदाच, पण स्पष्ट सांगा, आणि तेही फोनवर, बेत ठरण्याच्या आधी. बिलाची बशी टेबलावर आल्यावर हा विषय काढला, तर तिला तो आपल्या पाहुणचाराचा अपमान वाटेल. मुलामुलींचे ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझे तू माझे मी, आपल्या पिढीला थोडे कोरडे वाटते. त्यापेक्षा दोघींनी मिळून एक छोटा बटवा करावा. निघताना प्रत्येकीने सहाशे रुपये त्यात टाकावेत. तिकिटे, चहा, खाणे, टॅक्सी सगळे त्यातूनच व्हावे आणि उरलेले पुढच्या वेळेला राहावेत. भिशीची सवय असलेल्या बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. निवडही वाटून घ्या : चित्रपट एकीने ठरवला, तर खाण्याची जागा दुसरीने ठरवायची.

जागेचे म्हणाल, तर बेत संध्याकाळकडून दुपारकडे सरकवून पाहा. बहुतेक ठिकाणी कामाच्या दिवसांतील दुपारच्या आधीच्या खेळांचे दर उतरलेले असतात, आणि साध्या खुर्चीतूनही पडदा तेवढाच दिसतो. तिकीट शंभर रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर पाच टक्के जीएसटी लागतो आणि त्याहून महाग असेल तर अठरा टक्के, म्हणजे स्वस्त खेळाला करातही सवलत आहे. शिवाय खिडकीवर तिकीट घेतले की मोबाइलवरील आरक्षणाचे वेगळे शुल्क वाचते. आपल्या मैत्रिणीच्या घरापासून प्लाझा जवळच असेल. बाराच्या सुमाराचा खेळ तीनच्या आसपास सुटतो. तोवर थाळीच्या जेवणाची वेळ उलटून गेलेली असते, आणि ते बरेच आहे, कारण मग पावले आपोआप शिवसेना भवनासमोरच्या आस्वादकडे किंवा प्रकाशकडे वळतात. साबुदाणा वडा, थालीपीठ, वर पियूष, एवढ्यात दोघींचे पोट भरते. मध्यंतरात ती पॉपकॉर्नची बादली मात्र टाळा. ती भूक मारते आणि नंतरच्या वड्याचा अवमान होतो. अशा ठिकाणी दारात माणसे नंबर लावून उभी असतात, त्यामुळे खाणे संपल्यावर तासभर बोलत बसणे बरे दिसत नाही. चित्रपटावरचा वाद शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर न्यावा. तिथे कोणी बिल आणून ठेवत नाही. साडेचारला निघालात तर मुलुंडच्या गाडीत बसायला जागा मिळण्याची आशा बाळगता येते, सहाला निघालात तर नाही.

प्रश्न : माझा मित्र आणि मी, दोघे सत्तरीतले, दर महिन्याला एक मराठी चित्रपट पाहतो आणि नंतर जेवायला जातो. अलीकडे त्याला ऐकू कमी येते. चित्रपटगृहात तो ‘काय म्हणाला?’ असे मोठ्याने विचारतो आणि हॉटेलात श्रवणयंत्र लावूनही नुसती मान डोलावतो. बेत बंद करावा का? (पुणे)

उत्तर : बंद मुळीच करू नका. बऱ्याच मराठी चित्रपटांच्या प्रतींवर इंग्रजी उपशीर्षके असतात. तिकीट काढताना तेवढे विचारून घ्यावे. आपल्याच भाषेतला संवाद इंग्रजीत वाचायचा हे विचित्र आहे, पण शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा सोयीचे. श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहांत सोयी असाव्यात, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये काढल्या आहेत, तेव्हा मूळ भाषेतील उपशीर्षके आहेत का, हे व्यवस्थापकाला विचारण्यात संकोच नको.

हॉटेलात चूक मित्राची नाही. श्रवणयंत्र माणसाच्या आवाजाबरोबर ताटवाट्यांचा आवाजही मोठा करते. त्याला अशा खुर्चीवर बसवा की स्वयंपाकघर आणि गल्ला त्याच्या पाठीमागे राहतील, आपण त्याच्या समोर असाल आणि उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल. बरीच यंत्रे समोरून येणारा आवाज अधिक नीट पकडतात, आणि ओठांच्या हालचालीही मदतीला येतात. ओरडू मात्र नये. ओरडल्याने शब्द फाटतात. रविवारी रात्री टिळक रस्त्यावर थाळीसाठी रांगेत उभे राहण्यापेक्षा मंगळवारी दुपारी साडेबाराला जेवून मग खेळाला जावे. चित्रपटाआधी जेवल्यास झोप येते, हे मान्य. पण आपल्या मित्राने दहा मिनिटे डोळे मिटले, तर तेवढा वेळ ‘काय म्हणाला?’ हा प्रश्नही येणार नाही.

प्रश्न : माझी मैत्रीण चित्रपटगृहात पर्समधून चकल्या नेते आणि दारावरचा रक्षक त्या काढून घेतो. चूक कोणाची? (नाशिक)

उत्तर : नियमाने मैत्रिणीची. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू द्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी त्यांनी विनामूल्य दिले पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठी आईवडिलांनी आणलेले बेताचे खाणे अडवता येत नाही. चकली त्यात बसत नाही. शिवाय शांत प्रसंगात कोणी चकली मोडली की तीन रांगांना ऐकू जाते, तेव्हा मी स्वतः त्या रक्षकाच्या बाजूने आहे. चकल्या रिक्षातच संपवाव्यात.