गाविलगडाच्या दारातला नमस्कार

प्रिय चिनू,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "बाबा, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाज्यात देव नव्हता, तो शिवाजी महाराजांचा किल्लाही नाही, तरी आजीनं वाकून दगडाला हात लावला. काहून?"

इतवारीतला आपला किराणावाला आठव. सकाळी शटर वर गेलं की आधी उंबरठ्याला हात, मग तोच हात कपाळाला. पैलवान आखाड्याच्या मातीला लावतो, एसटीचा ड्रायव्हर स्टिअरिंगला. देव असायलाच पाहिजे असं काही नाही. ज्याच्यावर पाय देणार, त्याला आधी विचारून घ्यायचं. आजीचे गुडघे बघता ती "चढू दे रे बाबा" असंही पुटपुटली असेल, तो भाग वेगळा.

महाराजांचा नाही, हे बरोबर. 1425 च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहानं तो बांधला. त्याआधी तिथे गवळ्यांची गढी होती म्हणतात, त्यावरून नाव. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला; आपल्या महाल भागात ज्यांचा वाडा आहे, तेच. डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीची फौज चालून आली. याच वेलस्लीनं पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्याच्या माणसांनी डोंगरातून रस्ता काढत तोफा वर ओढून नेल्या आणि 15 तारखेला तट फोडून आत शिरले. आतल्या कोटाचं दार उघडेना, तेव्हा शिड्या लावून भिंत चढले. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग राजपूत दरवाज्यापाशी मेलेल्यांच्या ढिगात सापडला. दोन दिवसांनी देवगावला तह झाला. गड परत मिळाला, पण वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला.

म्हणजे तिथे आपण हरलो. पुस्तकात हरलेले किल्ले दोन ओळींत आटोपतात, म्हणून तुला ठाऊक नव्हतं. आजीला ही तारीख ठाऊक नाही, पण दारात माणसं पडलीत हे तिनं ऐकलेलं आहे.

एक सांगतो, आजीला सांगू नको. तिला माहीतच आहे म्हणा. सहावीच्या सहलीत मी त्याच किल्ल्याच्या भिंतीवर कोळशानं नाव लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात. सरांनी पाहिलं. ओरडले नाहीत. "पुसून ये" एवढंच. माझ्या बाटलीतलं पाणी आणि माझाच रुमाल. नावातला 'सु' निघायला सगळ्यात वेळ लागला. पाणी संपलं आणि परतवाड्यापर्यंत घसा कोरडा. घरी रुमाल पाहून आजीनं विचारलं, मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "हात लावायचा होता तर नीट लावायचा."

इथे मस्कतलाही समुद्रकाठच्या खडकावर पोर्तुगीजांचे दोन किल्ले आहेत, जलाली आणि मिरानी. मी लांबूनच बघतो.

पुढच्या वेळी आजीचा हात धरून चढ, आणि पाण्याच्या दोन बाटल्या घे.

तुझा
बाबा