ऑपरेशनआधी न विचारता एचआयव्ही तपासणी, आणि आता मुलाला घर हवंय

प्रश्न: मी 67 वर्षांचा सेवानिवृत्त कर्मचारी, सांगली जिल्ह्यात राहतो. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एका खासगी हॉस्पिटलात दाखल झालो. मला न सांगता एचआयव्हीची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी आधी मुलाला सांगितलं, फाईलवर लाल पेनाने लिहिलं आणि ऑपरेशन 'इथे जमणार नाही' म्हणून घरी पाठवलं. घरात आता माझं ताट-भांडं वेगळं आहे. मुलगा म्हणतो, घर बक्षीसपत्राने नावावर करा आणि गावाकडच्या खोलीत राहा. घर माझ्या फंडातून बांधलेलं, माझ्याच नावावर आहे. एका 58 वर्षांच्या विधवा बाईंशी माझे चार वर्षं संबंध आहेत, लग्नाचा विचार आहे. कंडोम कधी वापरला नाही. मूल होण्याची भीती नव्हती. त्यांच्याआधीही दोन-तीन ठिकाणी गेलो होतो. त्यांना सांगणं कायद्याने बंधनकारक आहे का? माझ्यावर केस होईल का?

उत्तर: तुमची बाजू ज्या कायद्यावर उभी आहे तो म्हणजे एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि सरकारीइतकाच खासगी हॉस्पिटललाही लागू होतो. हा कायदा तुम्हाला जगापासून गुप्तता देतो. मात्र ज्यांच्याशी तुमचे शरीरसंबंध आहेत त्यांच्याबाबत तो तुमच्यावर जबाबदारीही टाकतो. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

कोर्टकचेरीच्या आधी एक काम. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात जाऊन निदान पक्कं करून घ्या. खासगी लॅबमधल्या एका झटपट चाचणीला निदान म्हणत नाहीत. आयसीटीसीत वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या करून निष्कर्ष काढतात, तोही मोफत. पॉझिटिव्ह ठरलं तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रात नाव नोंदवून उपचार लगेच सुरू होतात. सीडी4 (रक्तातल्या संरक्षक पेशी) किती यावर थांबवून ठेवण्याची पद्धत 2017 मध्येच संपली. गावात ओळखीचे लोक असतील तर शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राची चौकशी करा. जवळचं केंद्र कुठे आहे हे 1097 या मोफत हेल्पलाइनवर कळेल. मधुमेहाची किंवा बीपीची औषधं चालू असतील तर गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. एआरटीतल्या डोल्युटेग्रॅविर या औषधाबरोबर मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोस सहसा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, आणि कॅल्शियम किंवा अँटासिडच्या गोळ्या आणि हे औषध यांत काही तासांचं अंतर ठेवावं लागतं. 'ताकदीच्या' गोळ्या मेडिकलमधून घेत असाल तर तेही सांगा. वय झालेले पुरुष हे हमखास लपवतात, आणि डॉक्टरही त्या वयाच्या माणसाला लैंगिक आयुष्याबद्दल विचारत नाहीत. म्हणूनच उतारवयात निदान उशिरा होतं: वजन घटणं, वारंवार ताप, टीबी हे सगळं वयावर ढकललं जातं.

आता हॉस्पिटल. कलम 5 प्रमाणे एचआयव्हीची चाचणी तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही, आणि आधी व नंतर समुपदेशन द्यावं लागतं. ते म्हणतील, 'दाखल होताना फॉर्मवर सही केली होती.' त्याने भागत नाही. कायद्यातली संमती त्या विशिष्ट तपासणीपुरती असावी लागते, आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून दिल्यावरच घेता येते. 'सर्व आवश्यक तपासण्या' असल्या छापील ओळीत ती बसत नाही. उपचार नाकारणं किंवा उपचाराआधी एचआयव्ही चाचणीची अट घालणं, दोन्ही कलम 3 खाली भेदभाव ठरतात. सर्जनला संसर्गाची भीती हे कारण चालत नाही. हातमोजे, सुया, निर्जंतुकीकरण याची सार्वत्रिक खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी पाळायची असते. शिवाय कलम 8 प्रमाणे तुमची स्थिती दुसऱ्याला सांगायला तुमची लेखी संमती हवी. उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला सांगता येतं. मुलगा त्या अपवादात नाही, वॉर्डबॉय तर नाहीच.

तक्रार दोन ठिकाणी जाते. वीस किंवा अधिक माणसं काम करणाऱ्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. दुसरा अर्ज राज्याने या कायद्याखाली नेमलेल्या लोकपालांकडे. त्यांचा पत्ता जिल्हा रुग्णालयातल्या एड्स नियंत्रण पथकाकडे मिळतो. उपचार नाकारल्याच्या तक्रारीवर लोकपालांनी 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो, वैद्यकीय आणीबाणीत शक्यतो 24 तासांत. हर्निया आत ढकलला जाईना, जोराचं दुखणं आणि उलट्या सुरू झाल्या, तर ती आणीबाणीच आहे. अशा वेळी आधी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, तक्रार नंतर. आदेश मोडला तर 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि पुढे चालू राहिल्यास रोज 5,000 पर्यंत जादा दंड होऊ शकतो. अर्ज लवकर करा. तीन महिने ही बाहेरची हद्द धरून चाला.

अर्ज अनेकदा कागदाअभावी पडतो. म्हणून आजच हॉस्पिटलकडे तुमच्या संपूर्ण केसपेपरची प्रत लेखी मागा. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे 72 तासांत ती द्यावी लागते. दाखल झाल्याचा फॉर्म, लॅब रिपोर्ट, तो लाल शेरा असलेलं पान, बिलं आणि ऑपरेशन रद्द केल्याची नोंद यात हवी. कारण तोंडी सांगितलं असेल तर मागणीपत्रातच लिहा की अमुक तारखेला अमुक कारण सांगून शस्त्रक्रिया नाकारली, त्याचं लेखी कारण द्यावं. उत्तर आलं नाही तरी पत्राची पोहोच हा तुमचा पुरावा. पत्रावर मुलाचा मोबाइल किंवा ईमेल देऊ नका. पाकिटावर आजाराचं नाव नको. आणि संसर्ग कसा झाला हे अर्जात अजिबात लिहू नका, कायदा ते विचारत नाही. तुमचा संबंध बाईशी होता, पुरुषाशी होता की रक्तातून झालं, याने हक्कात फरक पडत नाही.

गुप्तता मोडल्याबद्दल नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं. त्या अर्जात आधी एचआयव्ही कायद्याच्या कलम 34 ची विनंती करा: नावाऐवजी टोपणनाव आणि बंद खोलीत सुनावणी. ही विनंती तक्रारीसोबतच द्यावी, कारण एकदा नाव फलकावर चढलं की मागे घेता येत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीसाठी अर्ज करता येतो.

आता त्या बाईंबद्दल. इथे मी तुमची बाजू घेऊन गोड बोलणार नाही. कलम 10 प्रमाणे ज्याला आपली स्थिती आणि ती कशी पसरते हे माहीत आहे, त्याने दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घ्यायचीच आहे. त्यात धोका कमी करण्याचे उपाय किंवा संबंधाआधी स्थिती सांगणं, दोन्ही येऊ शकतात. म्हणजे पुढे कंडोम वापरला आणि औषध नियमित घेतलं तर कायद्याचा किमान भाग कदाचित पुरा होईल. पण मागची चार वर्षं त्यांच्या अंगावर आहेत. त्यांना न सांगणं म्हणजे त्यांना तपासणी आणि उपचारापासून लांब ठेवणं.

केस होण्याबाबत: रिपोर्ट येण्याआधी तुम्हाला काही माहीत नव्हतं आणि शंका यावी असं कारणही नव्हतं, तर त्या काळातल्या संबंधांसाठी गुन्हा बनणं अवघड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 271 आणि 272 मध्ये जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग निष्काळजीपणे किंवा दुष्टबुद्धीने पसरवण्याला शिक्षा आहे. पहिल्यात सहा महिन्यांपर्यंत, दुसऱ्यात दोन वर्षांपर्यंत कैद. तिथे 'ठाऊक असणं' हा गाभा आहे, आणि रिपोर्टच्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक आहे. आता एकही संबंध कंडोमशिवाय नको.

लग्न करणार असाल तर प्रश्नच संपतो. ही गोष्ट लपवून हिंदू पद्धतीने लग्न केलंत, तर महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली त्या लग्न रद्द करून मागू शकतात, फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत. लग्नाआधी सांगाच.

सांगायचं कसं? आयसीटीसीच्या समुपदेशकांना 'जोडीदाराला सांगायला मदत करा' म्हणून विनंती करा. त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर सांगा आणि समुपदेशनाची नोंद होऊ द्या. पुढे वाद झाला तर तीच तुमच्या बाजूने उभी राहील. व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवू नका. तो संदेश कुठे फिरेल सांगता येत नाही. तुम्ही टाळत राहिलात तर एचआयव्ही कायद्याच्या कलम 9 प्रमाणे डॉक्टर किंवा समुपदेशक, तुम्हाला समजावून आणि तसं कळवून, स्वतः त्यांना सांगू शकतात. त्या बाईंची तपासणी आत्ता आणि शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा व्हावी. शेवटचा संबंध 72 तासांच्या आतला असेल तर मात्र आज रात्रीच दवाखाना गाठा. त्या बाईंना द्यायच्या 28 दिवसांच्या प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टर ठरवतील. तुम्ही औषध नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून संसर्ग जात नाही. ही गोष्टही समुपदेशक त्यांना सांगतील. आधीच्या ठिकाणांबद्दलही समुपदेशकांशीच बोला. तिथल्या बायकांचं नावगाव कोणत्याही अर्जात आणू नका.

राहिलं घर. बक्षीसपत्रावर सही करू नका. मुलाच्या नावे राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र 200 रुपये आहे, म्हणून घाई सोपी वाटते. पण नोंदणी झाल्यावर ते मागे घेणं फार कठीण. ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 च्या कलम 23 खाली रद्द करून मागता येतं; त्यासाठी सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्राला जोडलेली होती हे दाखवावं लागतं, आणि अशी अट मुलगा क्वचितच लिहू देतो. घर तुमचं आहे, त्यातून तुम्हाला काढता येत नाही. वर एचआयव्ही कायद्याच्या कलम 29 ने एचआयव्हीग्रस्त माणसाला राहत्या घरातून किंवा त्याच्या एखाद्या भागातून वगळता येत नाही. ताट वेगळं करण्याची वैद्यकीय गरजही नाही. जेवणाखाण्यातून हा विषाणू जात नाही. त्रास वाढला तर ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, पण तिथे आजाराचं नाव लिहिण्याची गरज नाही, 'घरातून काढण्याचा दबाव' एवढं पुरेसं आहे.

मुलाला पुढे घर द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. ते कधीही बदलता येतं, नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. साक्षीदारांना आतला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, ते फक्त तुमच्या सहीचे साक्षीदार असतात. सोबत मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा, आणि त्यात निदानाचा उल्लेख नसेल हे सहीआधी वाचून बघा.