घरी सॅमन कोरडा न होता मऊ कसा शिजवावा आणि त्यासोबत सोपा सॉस कोणता करावा?

ओस्लोला आल्यापासून तुम्ही ओव्हनमध्ये २०० अंशांवर सॅमन भाजता, तो दरवेळी कोरडा होतो आणि वर पांढरा चिकट थर येतो, असे तुम्ही लिहिले आहे. मीही नॉर्वेतच राहतो आणि इथल्या घरांत चालणारी पाण्यातली पद्धत मला ओव्हनपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

तो पांढरा थर म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन. आच जोराची असली की माशाचे स्नायू आकसतात आणि आतल्या रसाबरोबर ते बाहेर ढकलले जाते. ते खाण्यास अपायकारक नसते, पण मासा गरजेपेक्षा जास्त तापल्याचे त्यावरून कळते. सुरमई रव्यात घोळवून तव्यावर चरचरीत तळण्याची आपली सवय इथे बाजूला ठेवावी लागते.

चार जणांसाठी साधारण दीडशे ग्रॅमच्या, अडीच-तीन सेंटिमीटर जाडीच्या चार तुकड्या घ्या. मांसावरून बोट फिरवले की उरलेले काटे टोचतात. ते चिमट्याने डोक्याच्या दिशेने तिरके ओढावेत, म्हणजे मांस फाटत नाही. पसरट पातेल्यात दोन लिटर पाणी, चार मोठे चमचे मीठ, एक तमालपत्र आणि थोडे मिरीदाणे घालून आधण आणा. आधण आल्यावर पातेले शेगडीवरून पूर्णपणे बाजूला घ्या, कारण विजेची शेगडी बंद केल्यानंतरही बराच वेळ तापलेली राहते आणि पाणी उकळतच राहते. मग तुकड्या पाण्यात सोडून झाकण ठेवा. आठ ते दहा मिनिटांत, पाणी हळूहळू निवत असताना, मासा त्याच उष्णतेत शिजतो. सुरीच्या टोकाने सर्वांत जाड भागावर हलकेच दाबल्यावर पाकळ्या सुट्या झाल्या आणि मध्यभागी रंग किंचित गडद, अर्धपारदर्शक राहिला, तर लगेच बाहेर काढावा, कारण ताटात येईपर्यंत तो आणखी थोडा शिजतो.

थर्मामीटर असल्यास ५० ते ५२ अंशांवर मासा सर्वांत मऊ लागतो. अमेरिकेतील अधिकृत सल्ला मात्र ६३ अंशांचा आहे, आणि घरात गरोदर स्त्री, लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती असेल तर तोच पाळावा. तेव्हाही या पाण्यात काही मिनिटे अधिक ठेवलेला मासा ओव्हनमधल्या माशापेक्षा रसदार राहतो.

सॉससाठी मी सांडेफ्योर्ड या गावाच्या नावाने ओळखला जाणारा लोण्याचा सॉस सुचवेन. दुकानात मिळणारे ३८ टक्के स्निग्धांशाचे क्रीम एक डेसिलिटर घेऊन मंद आचेवर निम्मे आटवा. आच अगदी कमी करून शंभर ग्रॅम थंडगार लोण्याचे चौकोनी तुकडे एकेक करून घाला आणि आधीचा विरघळत आला की पुढचा टाकत सतत घोटत राहा. लोणी थंडच हवे, कारण ते सावकाश विरघळले तरच क्रीममध्ये एकजीव होते, नाहीतर तूप वेगळे होऊन वर तरंगते. तसे होऊ लागल्यास पातेले उतरवून चमचाभर थंड क्रीम घालून जोराने घोटावे. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस आणि मूठभर बारीक चिरलेली पार्सली घाला. लोणी खारे असेल तर मीठ चाखूनच घालावे.

लिंबू मात्र कमी करू नका. बांगड्याच्या तिखल्याला जसे कोकम लागते, तसे या तेलकट माशालाही आंबट काहीतरी हवेच. इथे सोबत उकडलेले बटाटे आणि व्हिनेगर-साखरेत मुरवलेल्या काकडीच्या पातळ चकत्या देतात. मी त्या चकत्यांवर हिरवी मिरची चिरून घालतो, ते इथल्या शेजाऱ्यांना चालते. सॉस खूप गरम केला की फुटतो, म्हणून मासा पाण्यात असतानाच तो करायला घ्यावा. उरलेला मासा दुसऱ्या दिवशी पुन्हा न तापवता थंडच, त्याच काकडीबरोबर खावा.